जबड्यापुरता उतार

"बर्निस, सरक जरा. उजेड अडतोय," फ्लोरियन पुटपुटला.

बहिरी माणसं ओरडून बोलतात, असा समज आहे. फ्लोरियनचं उलट. बाहेरचं त्याला ऐकू येत नाही, पण स्वतःचा आवाज कवटीत घुमतो. त्यामुळे तो चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलतो आणि गावात सभ्य म्हणून खपतो. माझ्याकडे तेवढ्यावर कुणी खपत नाही. चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या गावच्या बोलिंगच्या अड्ड्यावर मी अर्धं आयुष्य भाड्याचे बूट दिले. माणूस पायाचं माप काय सांगतो आणि असतं काय, यावरून मी त्याचा हिशेब मांडते. फ्लोरियन खरं माप सांगणाऱ्यांतला. तो पिनांच्या मागे, यंत्रांत काम करायचा. लोकांना त्याचे घोटेच काय ते दिसायचे.

अड्डा मोडला तेव्हा सगळ्यांनी आठवण म्हणून पिना पळवल्या. यानं चेंडू धावतात त्या पट्टीचाच तुकडा मागून आणला. मेपलच्या अरुंद फळकुटांचा, खिळ्यांनी जोडलेला. खिळे उपटले, फळकुटं सरसानं चिकटवली आणि ती फळी गिटारच्या धडावर बसवली. आता गॅरेजमध्ये तो ती कोरत होता. मध्ये उंच, कडांकडे उतरती.

मी त्याच्या तोंडासमोर गेले. ओठ दिसले की त्याला कळतं.

"विजेवरची गिटार ना ही? आवाज तारांखालच्या चुंबकातून येणार. वरचं लाकूड सपाट राहिलं तर काय बिघडतं?"

त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ दातात धरली, टोक बिअरच्या फ्रीजला टेकवलं, क्षणभर डोळे मिटले.

"पंख्याचं बेअरिंग जाणार आहे," मूठ तोंडातून काढत तो म्हणाला. अड्ड्यावरच्या सगळ्या यंत्रांच्या नाड्या त्यानं अशाच पाहिल्या होत्या. "कानातलं हाड आखडलंय. जबड्याचं शाबूत आहे, त्यातून कंप आत पोचतो. वाजवताना जबडा इथे टेकवणार."

गिटारच्या वरच्या खांद्यावर पेन्सिलीची रेघ होती.

"उतार जबड्याला पूर्ण बसला पाहिजे. नाहीतर स्वर अर्धाच चढतो."

"त्यापेक्षा कानाचं ऑपरेशन कर."

"उजव्याचं केलं होतं. होतं तेवढंही गेलं."

हा माणूस एकेकाळी गावातल्या प्रत्येक लग्नात पोल्का नाचाच्या धुना वाजवायचा. आता स्वतःची एक तारही त्याला ऐकू येत नव्हती.

तेवढ्यात कोरायची गोल पटाशी अडली. धार दुमडली. नेमकं रेघेच्या आत, लाकडात काळा ठिपका उघडा पडला. तुटून खोल राहिलेला खिळा.

"पुट्टी भर आणि रंग मार," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

"बघण्यासाठी नाहीये गिटार."

त्यानं पोलादी नळीच्या तोंडाला कानशीनं दात पाडले. खिळ्याभोवती ती हातानंच फिरवायला लागला. खाली वायरींसाठी पोकळी कोरलेली होती. नळी जरा जास्त उतरली असती तर फळीला आरपार भोक पडलं असतं, आणि दुसरी फळी नव्हती. त्याचं लक्ष लाकडाकडे नव्हतंच. दुसऱ्या हाताची बोटं तेवढी नळीशेजारी टेकलेली. आता गेली, आता गेली, असं मला होत होतं. एकदम तो थांबला. नळी वर आली, तिच्यात खिळा धरून बसलेला लाकडाचा इवलासा दांडा.

उरलेल्या फळकुटांतून त्याच रंगाची, तशाच रेषांची खुंटी काढून त्यानं ती भोकात ठोकली. सरस वाळल्यावर पोलादी पट्टीनं खरवडत राहिला. जबडा टेकवायचा, उचलायचा, पुन्हा खरवडायचा. चहा घेऊन गेले की तेच.

शेवटी म्हणाला, "शोध."

खुंटी कुठे ठोकली ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बोट फिरवलं, नख फिरवलं, चष्मा लावून वाकले. लाकूड एका दमात वाढल्यासारखं होतं. माणसांचं खोटं माप मला दारातून कळतं. इथे मला काहीही सापडलं नाही. मी हात मागे घेतला.

तारा चढवल्या. वायर जोडलीच नाही. तो स्टुलावर वाकून बसला, उतारावर जबडा टेकवला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

मला बाटलीत अडकलेल्या माशीएवढं काहीतरी ऐकू आलं. मी एक पाऊल पुढे गेले, श्वास रोखला. तेवढंही विरलं.

फ्लोरियनचं बोट दुसऱ्या तारेवर येऊन थांबलं होतं. त्याच्या जबड्यात पहिली अजून संपली नव्हती.