लख्खबाईंचं तळं

थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे लख्खबाई म्हणायचे, अर्थात त्यांच्या पाठीमागे. ज्या वस्तूला त्यांचा हात लागेल ती चकाकलीच पाहिजे, मग कढई असो की दाराची कडी. नवरा गेल्यावर मागच्या अंगणातलं त्याचं छोटं तळं त्यांच्या ताब्यात आलं, आणि तळ्यालाही लख्ख होण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दर रविवारी लख्खबाई तळ्याच्या फिल्टरचं झाकण उघडायच्या, आतला स्पंज नळाखाली धरायच्या आणि पाणी नितळ येईपर्यंत ब्रशनं खसाखसा घासायच्या. नवऱ्याच्या माघारी त्याच्या माशांची आबाळ होऊ द्यायची नाही, हा एकच ध्यास. तरी मासे मरू लागले. आधी दोन लहानगे, मग ठिपक्यांचा, मग लांब शेपटीवाला. आता उरला होता एकटा म्हातारा, नवऱ्याच्या बोटांतून दाणे खाणारा नारिंगी मासा. तोही गेला तर नवऱ्याचा हात ओळखणारं अंगणात कुणीच उरणार नव्हतं, आणि नुसत्या त्या विचारानं लख्खबाईंना रडू यायचं.

संशय कुणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. वरच्या मजल्यावरची धाकटी जाऊ! पहिला मासा मेला त्याच्या थोडं आधीच तिनं तळ्यामुळे डास होतात म्हणून कुरकुर केली होती. झालं, लख्खबाईंनी अबोला धरला. जिन्यात समोर आली की मान फिरवायच्या. दिराला टोमणाही मारून झाला, की तुझ्या बायकोच्या डोळ्यांत मासे खुपतात. तो बिचारा चहाचा कप घेऊन सटकला.

त्यात हल्ली नवीनच प्रकार. रविवारी चकचकीत केलेला स्पंज दुसऱ्या दिवशी पाहावा तर काळा! कुठंतरी पाणी मुरत होतं. या वेळी चोर रंगेहाथ पकडायचाच, असं लख्खबाईंनी ठरवलं. स्पंज धुऊन जागेवर बसवला, बाजारात जाते असं जिन्याकडे तोंड करून मोठ्यांदा सांगितलं, पुढचं दार धाडकन लावलं, आणि वळसा घालून मागच्या धुण्याच्या खोलीत, खिडकीशी दबा धरून बसल्या.

धाकटी आलीच, इकडेतिकडे बघत. तळ्यातल्या मोठ्या दगडामागे हात घालून तिनं काळंकुट्ट काहीतरी बाहेर काढलं, फिल्टरचं झाकण उघडलं आणि ते आत पिळलं. धुतलेल्या स्पंजावर काळा ओघळ उतरला. लख्खबाईंचं डोकंच फिरलं. त्या धावत गेल्या आणि तिचं मनगट पकडलं. तिच्या हातात नवऱ्याच्या वेळचा जुना स्पंज होता, लख्खबाईंनीच कचऱ्यात टाकलेला.

“काय घालतेस माझ्या तळ्यात?”

“घाणच घालते, ताई.” धाकटीचे डोळे भरले होते, पण तिनं हात मागे घेतला नाही. “भाऊजी स्पंज कधीच नळाखाली धरायचे नाहीत. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन हलकेच खळबळायचे. म्हणायचे, हा बुळबुळीत थर जिवंत असतो, तोच पाणी सांभाळतो. नळाच्या पाण्यातल्या औषधानं तो मेला, की मागोमाग मासे मरतात. मी हे सुरू केल्यापासून एक तरी मेलाय का?”

लख्खबाईंनी आठवून पाहिलं. नव्हता मेला. आणि त्याआधीचा प्रत्येक मासा स्पंज घासल्यावर दोन-तीन दिवसांतच उलटा तरंगला होता. नवऱ्याचे मासे कुणी मारले नव्हते, त्यांनीच ते मायेनं घासून घासून मारले होते.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?”

लख्खबाई मटकन काठावर बसल्या. म्हातारा दगडाआडून निघून त्यांच्या सावलीत येऊन थांबला, दाण्यांच्या आशेनं. लख्खबाई उठल्या, नळापाशी गेल्या आणि ब्रश उचलून कचऱ्यात टाकला.

“पुढच्या रविवारी तू धू,” त्या म्हणाल्या. “मी हात लावणार नाही. नुसती शेजारी बसेन.”