पडद्यावरचा दवाखाना

सुग्रीवने दवाखान्याच्या लाईनीचं बटण तिसऱ्यांदा चालू केलं आणि पडद्यावरची ती रेघ तिसऱ्यांदा विझली.

विजेच्या उपकेंद्रात कॉम्प्युटर येऊन दोन हजार दोन साली जेमतेम वर्ष झालं होतं. आजची लढाई लुटुपुटूची होती. सराव घ्यायला आलेल्या शिवकांता मॅडमनी औरंगाबादेहून आणलेल्या मशिनमध्ये उपकेंद्राची हुबेहूब नक्कल होती. तिची एकही तार खऱ्या विजेला जोडलेली नव्हती. मॅडम शेजारच्या खोलीतून, चोर होऊन, फोनच्या तारेने आत शिरत होत्या आणि ऑपरेटर सुग्रीवने त्यांना अडवायचं होतं. पण खऱ्या दवाखान्यात त्याच वेळी त्याची बबिता ऑपरेशनच्या टेबलावर होती. पहिलं बाळंतपण, त्यात बाळ आडवं. सुट्टी मिळाली नव्हती. त्याचा जीव टांगणीला लागला होता.

रेघ चौथ्यांदा विझली तेव्हा त्याला राहवेना. त्याने दवाखान्यात फोन लावून मेव्हण्याला बोलावून घेतलं.

"बजरंग, लाईट हाय का तिथं?"

"हाय की, दाजी. कावून?"

"काय न्हाई."

त्याने रिसीव्हर ठेवला. मॅडम दारात उभ्या होत्या.

"मॅडम, आत कशा शिरलात तुमी?"

"पासवर्ड टाकून. योगेश्वरी. अंबाजोगाईत दर तिसऱ्या दुकानावर हेच नाव आहे, सुग्रीवराव. पहिल्याच फटक्यात उघडलं. खऱ्या मशिनवर काय आहे?"

सुग्रीवची मान खाली गेली. दसऱ्याला खऱ्या मशिनपुढे नारळ फोडून त्यानेच ते नाव घातलं होतं, देवी राखण करील म्हणून, आणि आज नकलेच्या मशिनवरही तेच टाकलं होतं. राखण कसली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आत्ता या घटकेला कुणी खरंच शिरलं तर? तो ताडकन उठला.

खऱ्या मशिनपुढे बसून त्याने आधी हात जोडले, मग देवीचं नाव खोडलं. नवीन काय टाकावं ते सुचेना. शेवटी नऊ महिने मनात जपलेलं, बबितालाही न सांगितलेलं एक नाव त्याने एकेक अक्षर शोधत टाकलं.

फोन वाजला.

"दाजी, पोरगी झाली! दोघी बी बऱ्या हायत. नाव काय ठिवायचं?"

सुग्रीवला रडूच फुटलं. सांगायला तोंड उघडलं आणि नजर पडद्यावर गेली.

"आता न्हाई. बारशाला आत्या कानात सांगंल, तवाच कळंल समद्यायला."

तो डोळे पुसत राहिला. शिवकांता मॅडम वहीत काही लिहीत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या,

"अभिनंदन. बारसं झालं, की पासवर्ड बदलून टाका."