गुरुवारची टेस्ट ड्राइव्ह

यल्लाप्पांच्या वहीत विजेवरच्या गाडीबद्दल एकतीस ओळी झाल्या होत्या. बॅटरी किती युनिटची, एका चार्जिंगमध्ये गाडी कागदावर किती धावते आणि एसी लावल्यावर किती, मागची सीट किती रुंद, तळ जमिनीपासून किती वर. निपाणीच्या वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, त्यामुळं विचारण्यापेक्षा वाचणं सोपं वाटायचं. भाजीचा भाव विचारतानासुद्धा त्यांचे कान लाल व्हायचे.

एकतिसाव्या ओळीखाली मात्र त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. ‘गाडीच्या बॅटरीवर बाहेरचं यंत्र चालतं. ३३०० वॅट.’ त्यांच्या बायकोचं, तानीबाईंचं, ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॅट खायचं.

तानीबाईंनी उभा जन्म तंबाखूच्या वखारीत काढला आणि छातीत तीच धूळ साठवून आणली. आता नाकात नळी घातल्याशिवाय घटका जाईना. महिन्यातून एका गुरुवारी बेळगावला डॉक्टरांकडे जावं लागे. कोल्हापूर जवळ, पण ते राज्य दुसरं. तिथल्या दवाखान्यात यांचं सरकारी उपचाराचं कार्ड चालत नव्हतं. वाटेपुरता छोटा सिलिंडर मिळे, तोही एकच. गेल्या खेपेला संकेश्वरच्या पुढं उसाचा ट्रक रस्त्यावर आडवा झाला आणि दोन तास कुणी हललं नाही. सिलिंडर संपला. तानीबाईंचे ओठ जांभळे पडले. मागं अडकलेल्या अँब्युलन्सनं ऑक्सिजन दिला म्हणून निभावलं.

टॅक्सीवाल्या भरमूनं त्याच दिवशी हात जोडले. “आप्पा, राग मानू नगा. पर माझ्या गाडीत काय इपरीत झालं तर?” त्याचं बघून निपाणीतल्या बाकीच्यांनीही नकार दिला. गुरुवार परवावर आला होता.

बेळगावच्या शोरूममध्ये नागेंद्र नावाचा विक्रेता गाडीभोवती फिरून सगळं दाखवत होता. यल्लाप्पा वहीत बरोबरच्या खुणा करत चालले होते. शेवटी त्यांच्या लेकीनंच, समतानं, विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि गाडी तीच चालवणार होती.

“आईचं मशीन मागच्या सीटवर ठेवायचं. प्लग कुठं लावायचा?”

“सोप्पं हाय की मॅडम.” नागेंद्रनं बंपरजवळचं झाकण उघडलं. “चार्जिंगच्या ह्या तोंडात अडॅप्टर बसवायचा, त्यात प्लग.”

“आणि गाडी चालवताना?”

“चालवताना न्हाय हो. अडॅप्टर बसला की गाडी जागची हलतच न्हाय.”

“आत सॉकेट असेल ना?”

“हाय, पर ते मोबाईलपुरतं. मशीन ओढणार न्हाय.”

यल्लाप्पांनी माहितीपत्रक उघडलं. त्या ओळीच्या शेंड्याला मुंगीएवढी चांदणी होती. खाली, पानाच्या तळाशी, तशीच दुसरी. ‘वाहन उभे असताना.’ छत्तीस वर्षं ते पोरांना सांगत आले होते, तळटीप वाचल्याशिवाय पान उलटू नका.

“आप्पा, तुम्ही महिनाभर हेच वाचत होता न्हवं?” समताचा आवाज चिरकला. “एकदा फोन करून विचारलं असतं तर?”

यल्लाप्पांनी वही मिटली. ते मागच्या सीटवर बसले. जागा ऐसपैस होती, वहीत लिहिल्याप्रमाणंच. त्यांनी शेजारी हात ठेवला. इथं तानीबाई बसणार होत्या.

फोन वाजला. शेजारच्या मंगलनं तानीबाईंच्या कानाला लावून दिला होता.

“घेतली का हो गाडी?”

“न्हाय गं. जमत न्हाय.” त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. “चालत्या गाडीत मशीन बंद. माझंच चुकलं.”

पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. मग दम खात तानीबाई म्हणाल्या, “त्या दिवशी... गाडी चालत हुती व्हय?”

“आँ?”

“उभीच... हुती न्हवं? चालत असताना... सिलिंडर हाय की. लई वाचता... आन्...” पुढचं खोकल्यात गेलं.

उभ्या गाडीला मशीन, चालत्या गाडीला सिलिंडर. यल्लाप्पा घाईनं उतरले आणि चार्जिंगच्या तोंडापासून मागच्या खिडकीपर्यंत वितीनं मोजू लागले. मशीनची वायर अपुरी पडणार, जोडवायर लागणार. आणि मशीन ऐनवेळी सुरूच झालं नाही तर? ते इथं आणून लावून बघावं, तर त्याच्याविना तिकडं तिचा तासभरही निघणार नाही.

“आज बुक केली तर कधी मिळेल?”

“दीड महिना धरा, सर.”

त्यांचे कान तापले. समता त्यांच्याकडे बघत होती.

“टेस्ट ड्राइव्ह,” ते म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, “टेस्ट ड्राइव्ह पाहिजे. गुरुवारी. निपाणीतनं इथपर्यंत आणि परत.”

नागेंद्र हसला. “सर, टेस्ट ड्राइव्ह म्हंजे उद्यमबागपतोर जाऊन यायचं. तेवढ्या लांब कोण...” यल्लाप्पांचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. त्यानं काचेच्या केबिनमधल्या साहेबाकडे एकदा बघितलं, मग खाली यल्लाप्पांच्या हातातल्या वहीकडे.

“किती माणसं असतील?”

“तीन,” यल्लाप्पा म्हणाले. “आणि एक मशीन.”