अक्षताचा जुना चेहरा

अक्षता आणि मी जुळ्या. आमच्या गंगोळ्ळी गावात अम्मा सोडली तर आम्हाला चेहऱ्यावरून ओळखणारा एकच, सुकेश. त्याच्या वडिलांची बंदरात मासेमारीची बोट होती, आणि कॉलेजात गेल्यापासून त्याचं अक्षतावर प्रेम होतं.

गेल्या वर्षी हायवेवर तिच्या स्कूटरला लॉरीने उडवलं. जबडा धातूच्या पट्ट्या घालून जोडावा लागला, डावी पापणी अर्धी मिटलेलीच राहिली. मंगळुरूच्या दवाखान्यातून घरी आल्यावर तिने घरातला आरसा काढून टाकला. पण मी होतेच. पेज पिताना ती माझ्याकडे टक लावून बघायची.

"केस जरा मागे घे," म्हणायची. मी घ्यायची. ती मला बघतच नाहीये, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

सुकेश दर रविवारी यायचा. अक्षता खोलीबाहेर यायची नाही. एकदा मला म्हणाली, "तू जा. माझा निळा चुडीदार घाल. त्याला तो चेहरा हवा असेल तर तुझ्याकडे आहेच."

"डोकं फिरलंय तुझं?"

"जा ना, रक्षिता."

मला राग आला होता, तरी गेले. सुकेश धक्क्यावर जाळं विणत बसला होता. मला लांबून बघून उठला, चेहरा उजळला. मग मी जवळ आल्यावर परत खाली बसला.

"का असं केलंस, रक्षिता?"

"तिने पाठवलंय."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. "खोटं नाही बोलत. आठवण येते मला त्या चेहऱ्याची. पण तुझ्याशी काय बोलायचं ते सुचत नाही गं. तिच्याशी बोलायचं सहा महिन्यांचं साठलंय."

"हे सगळं सांगू तिला?"

"सगळं सांग. आठवण येते तेही."

घरी येऊन मी शब्दन् शब्द सांगितला. अक्षता भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मग रडायला लागली. अपघातानंतर ती पहिल्यांदाच अशी रडली.

"सगळे म्हणतात, काही फरक पडत नाही," ती म्हणाली. "अम्मा, मावशी, डॉक्टर. मला वाटायचं, मी एकटीच त्या चेहऱ्याचं सुतक पाळतेय."

पुढच्या रविवारी ती ओसरीवर आली. जबड्यामुळे तिला प, ब नीट म्हणता यायचे नाहीत. सुकेशला कळलं नाही की तो पुन्हा विचारायचा, ती चिडायची आणि तेच मोठ्याने म्हणायची. त्याने एकदाही समजल्याचं सोंग केलं नाही. दिवेलागण होईपर्यंत दोघं बोलत होती. मधेच सुकेशने तिच्या अर्धमिटल्या पापणीला बोट लावून विचारलं, "दुखतं?" ती म्हणाली, "वारा असला की."

दुसऱ्या दिवशी मी पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून आले. अम्माने डोक्याला हात लावला. आतापर्यंत अक्षताला हवे तसे ठेवले होते, आता मला माझे हवे होते.

अक्षता कॉलेजात परत जाऊ लागली आहे. पहिले काही दिवस ती ओढणी तोंडावर घेऊन जायची, आता उन्हातच घेते. लग्नाचं अजून कुणी बोललेलं नाही.

माझे केस बघून मात्र ती लगेच म्हणाली होती, "तुला अजिबात शोभत नाहीत."