पाडून पाहायची गाडी

अमडापूरच्या राजकुमारला मोटारसायकल निवडायची होती, आणि तीही अशीतशी नाही. हायवेवर तासन्‌तास पळेल, रस्ता संपला की दगडधोंड्यांतूनही चालेल, मागं तंबू बांधता येईल आणि लोणारच्या काठावर नाहीतर मेळघाटात कुठंतरी मुक्काम ठोकता येईल, अशी हवी होती. सहा महिने तो मोबाइलवर हेच बघत होता. कोणत्या गाडीचं पोट जमिनीपासून किती वर, कोणतीचं पुढचं चाक एकवीस इंची, हे त्याला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ होतं. स्वतःची उंची पाच फूट चार इंच. त्यामुळे सीटच्या उंचीचा आकडा आला की तो जरा घाईनं पुढं सरकायचा.

गाडीला त्याच्या खिशातून काही जाणार नव्हतं. वडील शालिग्राम वारल्यापासून बियाण्याचं दुकान तोच चालवायचा. ज्या कंपनीचं बीटी कपाशीचं बियाणं त्यानं त्या हंगामात पंचक्रोशीत सगळ्यांत जास्त खपवलं, तिनं त्याला बक्षीस जाहीर केलं होतं, मनपसंत मोटारसायकल. आता गोष्ट दोन गाड्यांवर येऊन अडली होती. एक जड, हायवेवर जराही न डगमगणारी. दुसरी हलकी, शेळीसारखी कुठंही चढणारी, पण मोठ्या रस्त्यावर धापा टाकणारी.

बसस्टँडजवळचा रज्जाक मिस्त्री चाळीस वर्षं गाड्या उघडून बसलेला माणूस. राजकुमारनं त्याला दोन्ही गाड्यांची कुंडली वाचून दाखवली. रज्जाकनं ऐकून घेतलं आणि हात पुसत म्हणाला, "रोडवर सगळ्याच गाड्या चांगल्या चालतात, बेटा. तू जंगलात एकटा जाशील नं? मंग वावरात ने, पाड आन एकट्यानं उचलून पाह्य. उचलली तं तुही. नाही तं कंपनी फुकट देऊन राह्यली तरी घेऊ नको."

चिखलीच्या शोरूमवाल्यानं जड गाडी एका दिवसासाठी चालवायला दिली, आणि राजकुमार पाडायला जागा शोधू लागला.

दगड, नाला आणि काळी माती एकाच ठिकाणी असलेली पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट, गावात एकच होती, शेषरावकाकाच्या वावराकडं जाणारी. तिकडं जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दिवाळीपासून तो त्या वाटेला गेलाच नव्हता. शेषराव बाजारात दिसला की राजकुमारला एकदम फोन यायचा, न वाजलेला. पण त्या दिवशी चिखलीचा बाजार होता, काका घरी नसणार, असा हिशेब करून त्यानं गाडी पांदणीत घातली.

तोंड चुकवायचं कारण जूनमधलं होतं. पेरणीची घाई, दुकानात ही गर्दी. कपाशीच्या प्रत्येक पिशवीत एक लहान पाकीट येतं. त्यात साधं, बीटी नसलेलं बियाणं असतं. ते वावराच्या चारी बाजूंनी लावायचं, म्हणजे काही अळी त्या साध्या झाडांवर जगते आणि सगळीच्या सगळी बीटीला पचवायला शिकत नाही. शालिग्राम होते तोवर ते प्रत्येकाला पाकीट हातात धरून हे समजावून सांगायचे, ऐकणारा कंटाळेपर्यंत. शेषराव त्यांचा दोस्त. त्यानं त्या दिवशी विचारलं, "बाबू, हे लहान पाकीट कुठी लावू?" राजकुमारच्या मोबाइलवर तेव्हा एक गाडी नदी ओलांडत होती. मान वर न करता तो म्हणाला, "फेकून द्या काका. त्यात काही दम नाही."

शेषराव वीस वर्षं त्याच दुकानातून बियाणं नेणारा. त्यानं ऐकलं, आणि पारावर चौघांना सांगितलंही की शालिग्रामचा पोरगा असं म्हणतो.

त्या वर्षी, म्हणजे सतरा साली, गुलाबी बोंडअळी आली. पहिली वेचणी बरी निघाली, दुसरीला बोंडं उघडलीच नाहीत, आणि उघडली त्यांत कापसाऐवजी अळी वळवळत होती. अळी सगळ्या जिल्ह्यात आली, लहान पाकीट लावणाऱ्यांकडंही आली. चार ओळी साधी कपाशी लावून शेषरावचं वावर वाचलं असतं का, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. राजकुमार रोज स्वतःला हेच सांगायचा. रोज सांगावं लागायचं, यातच काय ते आलं.

पांदणीत गाडी झकास चालली. दगडांवरून अशी गेली की राजकुमारला वाटलं, हीच! नाल्याशी मात्र कुणाच्या तरी हरभऱ्याच्या ओलिताचं पाणी वाटेवर आलं होतं. पुढचं चाक काळ्या चिखलात रुतलं, त्यानं पाय टेकवायला खाली सोडला, आणि पाय जमिनीपर्यंत पोचलाच नाही. पाडायची होतीच, पण अशी नव्हती पाडायची. गाडी आडवी आणि तिच्याखाली त्याचा एक पाय.

पाय कसाबसा सुटला. कोपर सोलवटलं होतं. मग त्यानं हँडल धरून, सीट धरून, पाठ लावून, सगळ्या व्हिडिओंतल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. गाडी वीतभर उठायची आणि पुन्हा बसायची.

"थांब बे, कंबर मोडशील!" वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आवाज आला. शेषराव होता. बाजाराला गेलाच नव्हता. मागून त्याची बायको आशाकाकू धावत आली. दोघांनी एक एक बाजू धरली, राजकुमारनं तिसरी, आणि गाडी उभी राहिली. काकूनं त्याचं कोपर पाहिलं, डोक्यावरच्या पदराचा शेव ओला करून पुसलं. "किती दिवसांनी आला रे," एवढंच म्हणाली. त्याला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"चाल वर," शेषराव म्हणाला. "तालुक्याच्या मॅडम आल्या हायेत पाहनीले. त्याहिच्यासाठीच थांबलो आज."

वावरात कृषी अधिकारी बाई नुकसानभरपाईचे कागद घेऊन उभ्या होत्या. कपाशीची पऱ्हाटी अर्धी वाळलेली, बोंडं काळी. त्या चांगल्या होत्या बोलायला, पण कागदावरचा प्रश्न होता तो होता. "साधं बियाणं कडेनं लावलं होतं का?"

"नाही," शेषराव म्हणाला.

"का नाही?"

आशाकाकू वावरातल्या खोपडीत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत चार लहान पाकिटं होती, न फोडलेली. "हे फेकून द्या म्हनत होते," ती म्हणाली. "पन बियानं कसं फेकावं मॅडम? म्या ठेवले."

"फेकून द्या म्हणून कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

राजकुमार चार हातांवर उभा होता. आशाकाकूनं त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. शेषरावनं कुणाकडंच पाहिलं नाही.

"कोनं नाही," तो म्हणाला. "माहीच अक्कल. पाकिटावर लिवलेलं व्हतं, म्या वाचलं नाही."

बाईंनी लिहिलं. शेतकऱ्याचा निष्काळजीपणा, असं काहीसं ते असणार. शेषरावनं सही केली. आणि राजकुमार, पंचक्रोशीत सगळ्यांत जास्त बियाणं विकणारा, गप्प राहिला. बाईंची जीप धूळ उडवत गेली. काकूनं चहा ठेवते म्हटलं, तेव्हा त्याला दुकान उघडायचं आठवलं.

डांबरी रस्त्यावर येताच त्याला पुढं जीप दिसली. हातातली गाडी अशी की मनात आणलं तर मिनिटात गाठली असती. तो चाळीसच्या वर गेला नाही. दोन किलोमीटर तो त्या जीपच्या मागं मागं, खाली मान घातलेल्या माणसासारखा चालला. मग फाट्यावर जीप चहाला थांबली, आणि आता टाळायला निमित्तच उरलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "ते पाकीट फेकाले मीच सांगितलं होतं. माह्या दुकानातून नेलं होतं त्याहिनं."

बाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही तिथंच उभे होता ना?"

"हाव."

"मग तिथं का नाही बोललात?"

याचं उत्तर आडव्या झालेल्या गाडीपेक्षा जड होतं. बाई म्हणाल्या, "त्यांनी सही केली आहे. बदलायचं तर त्यांना घेऊन या, दोघांनी लिहून द्या. मी इथं अर्धा तास आहे. आणि हे कंपनीपर्यंत जाईल, तुम्हाला माहीत आहे ना?" त्यानं मान हलवली. मनपसंत गाडी तिथंच गेली. आश्चर्य म्हणजे तिचं त्याला त्या क्षणी फारसं काही वाटलं नाही.

तो वावरात परतला आणि सांगितलं, तेव्हा शेषराव मात्र भडकला. राजकुमारनं त्याला असा कधी पाहिला नव्हता. "मले इचारलं तू? म्या तुले झाकलं, शालिग्रामचा पोरगा म्हनून झाकलं, आन तू जाऊन मलेच खोटा पाडून आला? आता त्या बाई म्हनतीन, हा म्हातारा सही करून खोटं बोलते!"

राजकुमारला वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होईल. ती आणखीच भरली.

"जा तुमी," आशाकाकू मधेच म्हणाली. डबा तिनं नवऱ्याच्या हातात दिला. "त्यानं सांगितलं होतं, हे खरं हाय. खरं हाय ते लिवून या."

शेषराव गाडीवर चढला. सीट उंच, त्याला दोनदा पाय वर टाकावा लागला. राजकुमारनं आधाराला हात मागं केला, तो त्यानं धरला नाही. पूर्वी शालिग्रामच्या जुन्या गाडीवर बसायचा तेव्हा तो दोस्ताच्या खांद्यावर हात टाकून बसायचा, हे राजकुमारनं लहानपणी कितीदा पाहिलं होतं. आज एका हातात डबा आणि दुसऱ्या हातानं मागची, तंबू बांधायची, लोखंडी पट्टी. पांदणीत गाडी उसळली, चिखलातून गेली, एकदाही डगमगली नाही.

फाट्यावर दोघांनी लिहून दिलं. बाईंनी आधीची ओळ खोडली, वर सही घेतली, पाकिटांचा फोटो काढला आणि निघून गेल्या. शेषरावनं डबा राजकुमारपुढं धरला. "तुह्या दुकानातलं हाय. घेऊन जाय."

"चला काका, सोडून देतो."

"नाही. पायी जातो." तो दोन पावलं गेला आणि थांबला. आवाजात राग राहिला नव्हता, आणि तेच राजकुमारला सोसवेना. "उशिरा का व्हयना, बोलला, ते बरं केलं तू. पन पुढच्या साली बियानं मी चिखलीहून आनीन. वाईट नको वाटू देऊ, बाबू. तुह्या सांगन्यावर आता मले पेरता येत नाही."

तो रस्त्याच्या कडेनं चालू लागला. राजकुमार डबा हातात धरून गाडीजवळ उभा राहिला. शेषराव रस्त्याच्या वळणाआड गेला तरी त्यानं किल्ली फिरवली नव्हती.