उघड्या डिकीचे दिवे

खोटारडे आहात तुम्ही, साहेब. गाडी तपासली म्हणता, आणि तपासली कुठे, तर खात्याच्या आवारात, सावलीला, हातात चहाचा कप धरून. लिहिलंत काय, तर 'मागचे दिवे सुरळीत'. तेवढ्या तीन शब्दांत एका मेलेल्या माणसाला बेफाम ठरवलंत आणि त्याच्या बायकोला 'माझा माणूस तसा नव्हता हो' म्हणत दारोदार फिरायला लावलंत. आता तिच्या भावावरही गुन्हा घातलात. सरकारी माणसावर हल्ला केला म्हणे. केला. नाकारतंय कोण? पण का केला ते ऐका, आणि मधे घड्याळ बघू नका.

या भावाला अख्खा रस्ता करंट म्हणतो. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायला गेलं तरी झटका बसतो म्हणूनही. दुकान म्हणजे एक शटर, एक बाक आणि खिळ्यांना लटकवलेली वायरची भेंडोळी. त्याचे दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, लाल स्कूटरवरून कामाला चालले होते. पुढे तुमच्या खात्याची पांढरी गाडी. ती कचकन थांबली. दाजी थांबले नाहीत. धडकेने डिकीचा पत्रा फाटून वर आला, तो गळ्यात शिरला. ओळख पटवायला नेलं तेव्हा ताईने चेहऱ्यावरची चादर उचलूच दिली नाही. पायातला मोजा बघितला. टाचेला तिनेच रफू केलेलं होतं.

तेव्हापासून ताई भांडी घासताना त्या गाडीचा नंबर पुटपुटत असते. जेवताना हात मधेच थांबतो. "दिवे लागले असते तर हे थांबले असते ना रे?" दाजी स्कूटर कशी चालवायचे ते करंटला माहीत होतं. सायकलवाले त्यांना मागे टाकून जायचे आणि वर हात हलवायचे.

एका दुपारी दुकानात एक पांढरी गाडी उलटी शिरली, पार्श्वभाग आत, तोंड रस्त्याकडे. मागचा बंपर कोरा करकरीत, त्यावर नंबरप्लेटही नव्हती. खात्याच्या अशा गाड्या गावभर फिरतात. करंटने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"ब्रेक लाइट लागत नाहीयेत. लगेच पाहिजे," ड्रायव्हरच्या शेजारचा उतरत म्हणाला. त्याने सावलीत आल्यावरही गॉगल काढला नाही, म्हणून त्याला गॉगलच म्हणू.

"लगेच पाहिजे होतं तर दिव्यांना सकाळीच सांगून ठेवायचं."

ड्रायव्हर खो खो हसला. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. करंटने त्याला आत बसवून पेडल दाबायला लावलं. मागे अंधार. बल्ब काढून बघितले, आतली तार शाबूत. फ्यूज ठीक. पेडलखालचा स्विचही ठीक, तिथून वीज पुढे जात होती. म्हणजे दुखणं मागेच कुठेतरी होतं. त्याने डिकी उघडली आणि दोन्ही दिवे भक्कन लागले. लावली, विझले. उघडली, लागले.

"माझी बायको अशीच आहे, मिस्त्री," ड्रायव्हर आतून ओरडला. "दार उघडं असलं की काय गोड! दार लावलं की काळोख."

"पेडल दाबून ठेवा. बायकोचं नंतर बघू."

या गाडीचे मागचे दिवे डिकीच्या झाकणावरच बसवलेले असतात. त्यांची वायर बिजागरीजवळ रबरी नळीतून जाते. झाकण वर-खाली होतं तशी ती वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. वरचं प्लास्टिक धड असतं, म्हणून बघणाऱ्याला काही दिसत नाही. झाकण वर असलं की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात. खाली आलं की फाकतात. करंटने नळी सरकवली, वायर चिमटीत धरून ओढली. ती रबरासारखी ताणली गेली. आत तांबं नव्हतंच. सापडली.

तेवढा तुकडा कापून त्याने सोलला. टोकं हिरवी पडली होती. "हे आजचं नाही. केव्हाची तुटलीय ही."

"अहो, जुनं दुखणं," ड्रायव्हर म्हणाला. "आधी डिकीवर थाप मारली की लागायचे. मग मागून ठोकली गेली, झाकण बसेचना, दोरीने वर बांधून ठेवलं. तेव्हा बघा, काय लागायचे! तपासणीत तर झकास लागले. आता पत्रेवाल्याने झाकण सरळ करून दिलं, तर गेले परत."

"तोंडाला पण एक स्विच बसवून घे," गॉगल खेकसला.

हे सगळं करंटच्या कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. हातात वायर असली की त्याला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही. नवा तुकडा घातला, झाळला, टेप गुंडाळली, नळी जागेवर सरकवली. त्याच्या दुकानाची एक रीत आहे. काढलेला खराब भाग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा, म्हणजे चांगली वायर कापली असं उद्या कोणी म्हणू नये. रीतीप्रमाणे त्याने हिरव्या टोकांचा तुकडा ड्रायव्हरला दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला. करंटने डिकी लावली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. दिवे लालभडक. ड्रायव्हर उतरून बाकावर टेकला.

डिकीतलं जाजम तेवढं नीट करायचं राहिलं होतं. करंटने झाकण परत उघडलं, जाजम उचललं. खाली नंबरप्लेट पडलेली. मधोमध दुमडलेली, दुमडीत लाल रंग. त्याने नंबर वाचला आणि तो त्याला ताईच्या आवाजात ऐकू आला, मागे भांड्यांचा खडखडाट.

मग ड्रायव्हरचं बोलणं एकदम डोक्यात शिरलं. थाप मारली की लागायचे. दोरीने वर बांधलं. तपासणीत झकास. साहेब, तुमचं खोटं करंटने स्वतःच्या हातांनी खरं करून दिलं होतं. झाळून, टेप लावून.

"कोणी ठोकलं होतं मागून?" त्याने विचारलं. आवाज अगदी मऊ.

"होता एक येडा, स्कूटरवाला. मेला जागच्या जागी."

प्लेटची कड ड्रायव्हरच्या तोंडावर बसली. ओठ नाकापर्यंत फाटला. तो बाकावरून मागे पडला तसा करंट त्याच्या छातीवर चढला आणि पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. "थाप मारायचास! थाप मारून चालवायचास!" आता दया वगैरे कोणी शोधू नये. त्या घटकेला त्याच्यापाशी ती नव्हती. शर्टाचा खिसा त्याने कापडासकट उपटला, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. मग कटर उचलून तो डिकीकडे धावला. मी जोडलं, मीच तोडणार, एवढंच डोक्यात. डावा हात बिजागरीत घालून त्याने नळी धरली.

गॉगलने झाकण आदळलं.

हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. गॉगलने झाकण उचललं, पुन्हा आदळलं, वर स्वतः बसला. "तोंडात काय आहे? थुंक!" करंटने दात आवळले. किंचाळायचं म्हणजे तोंड उघडायचं. तो किंचाळला नाही. गॉगलने चाकाचा पाना उचलून जबड्यावर हाणला. दात पडले, ते करंटने ओठांच्या फटीतून रक्ताबरोबर बाहेर सोडले. तुकडा गालात दाबून ठेवला.

"भाऊ, सोडा हो, मरेल तो!" ड्रायव्हर फाटक्या तोंडाने रडत होता. तोच रडत होता.

शेजारचा पंक्चरवाला लोखंडी पहार घेऊन आला, त्याच्या मागे निम्मा रस्ता. तेव्हा गॉगल झाकणावरून उतरला. ड्रायव्हरला गाडीत कोंबून त्याने गाडी पळवली. करंट दुकानाच्या दारात गुडघ्यांवर बसला होता, हात मांडीत धरून. कोपऱ्यावर गाडीने ब्रेक दाबला. दोन्ही दिवे लागले. सुंदर लागले. त्याचंच काम होतं ते.

त्याची तीन बोटं काढावी लागली. जबडा तारेने बांधलाय, पेज नळीने पितो. दवाखान्यात ताईने त्याच्या गालातून तुकडा काढला, धुतला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला. तो घेऊन ती तुमच्याकडे आली, तर तुम्ही म्हणालात, "बाई, असली वायर कुठल्याही उकिरड्यावर मिळते. आमच्या गाडीचे दिवे लागतात, हवं तर आत्ता दाखवतो." आणि दाखवलेतही. तिच्या भावाने जोडलेले दिवे तिलाच दाखवलेत. शरम नावाची वस्तू तुमच्याकडे कधी आलीच नाही का?

तर वायर राहू द्या. उकिरड्यावरची म्हणा. करंटला शिक्षा करा, तो ती भोगेल, ड्रायव्हरच्या ओठाचे टाके त्याला मान्य आहेत. पण ताई तुमच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. ज्या दिवशी 'सुरळीत' लिहिलंत, त्या दिवशी दोरी सोडून, डिकी खाली दाबून, एकदा तरी ब्रेक दाबून बघितला होता का? बाहेर या आणि तिच्या तोंडावर सांगा. हो की नाही?