एकमताने निवड

सौंसर, नोव्हेंबर १९५६.

ठराव पहिला: नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले, म्हणून आपली वेगळी सायकल संघटना काढावी. मंजूर.

ठराव दुसरा: माजी शर्यतपटू मोरेश्वर यांना सचिव करावे. निवड एकमतानेच व्हावी.

इथे गुणवंता लंगडत उठला. रामाकोन्याच्या उतारावर मोरेश्वरने त्याच्या सायकलच्या चाकात हवा भरायचा लोखंडी पंप खुपसून शर्यत जिंकली होती. गुणवंताचा गुडघा तेव्हाच गेला. आज तोच पंप त्याच्या हातात होता.

"माझं मत पाहिजे ना, सेक्रेटरीसाहेब? मंग पाय ठेव बाकावर."

"गुणवंता, सभा चालू आहे!" अध्यक्ष भैय्याजी ओरडले.

"मी बी मतच देऊन राहिलो, भैय्याजी."

मोरेश्वरने सगळ्यांकडे पाहिले. मग धोतर वर सारून त्याने पाय बाकावर ठेवला.

पहिल्या फटक्याला कातडी फाटली. दुसऱ्याला तो किंचाळला. तिसऱ्याला गुडघ्याची वाटी फुटली आणि रक्त टेबलावरच्या ठरावाच्या कागदांवर उडाले. गुणवंताने पंप टाकून हात वर केला.

"डॉक्टरला बोलवा कोणी!" भैय्याजी म्हणाले.

जमिनीवर पडलेला मोरेश्वर दात आवळून म्हणाला, "आधी त्याची सही घ्या."